तळटीप : मुंबई ते लंडन, हवाई अंतर व प्रवासकाल

मूळ मजकुरात मुंबई-लंडन अंतर ‘पाच हजार मैल’ असे दिले असून, चिकित्सक वाचकास ते अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. कारण पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून, इराण व कॉकेशस ओलांडून जाणारी लघुतम रेषा मोजली, तर ती सुमारे ४,५०० मैलांची, म्हणजे ७,२०० किलोमीटरांचीच भरते. तथापि लेखकाचा आकडा यथार्थ आहे. ८ जून १९४८ रोजी ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’चे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ज्या मार्गाने प्रथम लंडनकडे निघाले, तो कैरो व जिनीव्हा असा वळसा घेणारा होता, आणि त्या तीन टप्प्यांची बेरीज ५,००० मैलांच्या जवळपास जाते.

प्रवासकाल काढताना मात्र विशेष सावधगिरी बाळगावी. वेळापत्रकात प्रस्थानाची व आगमनाची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाबरहुकूम दर्ज केलेली असते. आणि लंडनचे घड्याळ मुंबईच्या मागे, हिवाळ्यात साडेपाच तर उन्हाळ्यात साडेचार तास, असल्यामुळे केवळ वजाबाकीवर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेलीच. जूनमध्ये मुंबईहून मध्यरात्री निघून त्याच तारखेस सायंकाळी साडेसातला लंडनास उतरणारा उतारू वस्तुतः साडेएकोणीस नव्हे, पूर्ण चोवीस तास वाटेत असतो. परतीचा प्रवास, ह्याच कारणाने, कागदावर लांब दिसतो. परंतु उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने आजच्या थेट जेट विमानासही खरा अधिक वेळ लागतो तो सामान्यतः लंडनकडे जातानाच. — संपादक