नळीतल्या हवेचा हिशेब

हवेचा तापमापक समजून घ्यायचा म्हणून सानगडीच्या घरी मी एक गणित मांडले होते. दोन सारख्या बंद बाटल्या नळीने जोडल्या. दोन्ही २७ अंश सेल्सियसला. मग एक ८७ अंशांपर्यंत तापवली, तर आतला दाब किती वाढेल? मी तापमानांची सरासरी काढली आणि उत्तर लिहिले : दहा टक्के. ते चुकले होते. खरे उत्तर नऊ टक्क्यांहून किंचित जास्त.

नळी उघडी असल्याने दोन्हीकडे दाब एकच राहतो, हवा मात्र सारखी राहत नाही. निरपेक्ष मापात ही तापमाने ३०० आणि ३६०. थंड बाटलीत हवेचे सहा भाग असतील, तर तापलेलीत पाचच. म्हणून प्रत्येक भांड्याचे आकारमान त्याच्या तापमानाने भागायचे, मग बेरीज करायची. सरासरी इथे चालत नाही.

एवढ्याशा फरकाचे काय, असे वाटेल. पण तापमापनाचा इतिहास याच फरकाशी झगडला आहे. बॉइलचा नियम १६६२चा, आमोंतोंचा हवेचा तापमापक १७०२चा, गे-ल्युसॅकचे प्रयोग १८०२चे. १८३४मध्ये क्लापेरोंने हे नियम एका सूत्रात बांधले. सूत्रात तापमान एकच. उपकरणात मात्र फुगा उकळत्या पाण्यात आणि दाबमापकाकडे जाणारी नळी खोलीतल्या हवेत! नळीतली जागा फुग्याच्या शंभराव्या भागाइतकी असली आणि ती हिशेबात धरली नाही, तर उकळते पाणी सुमारे सव्वा अंश थंड भासते. माणसाच्या अंगात तेवढा फरक पडला, तर आपण त्याला ताप म्हणतो.

फ्रेंच संशोधक या जागेला ‘अपायकारक जागा’ म्हणत. १८४०च्या दशकात रेन्योने असल्या दुरुस्त्यांवर अपार कष्ट घेतले. पुढे पॅरिसजवळच्या सेव्हर येथे शाप्युईने प्लॅटिनम-इरिडियमचा सुमारे एक लिटरचा फुगा वापरून हायड्रोजनचा तापमापक सिद्ध केला. १८८७मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमापे समितीने त्याचेच माप प्रमाण मानले, आणि उत्तम पाऱ्याचे तापमापक त्याच्याशी ताडून पाहिले जाऊ लागले.

पाठ्यपुस्तकांत नियमांना नावे मिळाली. नळीतल्या हवेचा हिशेब ठेवणारे तळटीपेत राहिले. अंशाचा भरवसा मात्र त्यांनीच दिला. माझ्या वहीतले ते चुकीचे उत्तर मी खोडलेले नाही. शेजारी बरोबर आकडा लिहिला आहे.