एक लॅपटॉप, दोन सिस्टिम: भांडण जुनं आहे

आजचा विषय टेंभुर्णीहून आलाय. सोलापूर जिल्ह्यातली नाही हं, आपल्या जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली टेंभुर्णी. एका श्रोत्यानं विचारलंय, "कॉलेजसाठी नवीन लॅपटॉप घेतला. विंडोज आहेच, शेजारी लिनक्स टाकू का? घरचे म्हणतात, सोयाबीन विकून घेतलाय, उगाच बिघडवू नको."

घरच्यांची काळजी अगदी रास्त आहे. पण एका मशीनवर दोन सिस्टिम ही गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे. तो इतिहास ऐकला की नेमकं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कळतं.

सुरुवात करू १९८३ पासून. त्या वर्षी आयबीएमनं हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी आणला. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइट्सचा एक तुकडा असायचा, त्याचं नाव मास्टर बूट रेकॉर्ड. मशीन चालू झालं की आधी हा तुकडा वाचला जायचा. त्यात ४४६ बाइट्स छोट्याशा प्रोग्रॅमला आणि ६४ बाइट्स डिस्कच्या वाटणीला. हा डिस्कचा सातबाराच समजा! त्यात चार नोंदींची जागा होती. म्हणजे चार हिस्से पाडा आणि हिश्शागणिक वेगळी सिस्टिम ठेवा, ही सोय तेव्हापासूनच आहे.

२५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या नव्या सिस्टिमची बातमी जगाला दिली. तीच पुढं लिनक्स झाली. अनेकांनी ती डॉसच्या शेजारी टाकली. मग सुरुवातीला "कुठली चालू करू?" असं विचारणारे लिलो आणि ग्रबसारखे प्रोग्रॅम आले. त्यांना म्हणतात बूटलोडर.

आता खरी गंमत ऐका. बी नावाची एक अमेरिकन कंपनी होती, तिची सिस्टिम बीओएस. १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानच्या हिताचीनं काही नव्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि बीओएस दोन्ही टाकले. पण चालू करताना निवड विचारणारा मेनूच दिसेना! बीओएस डिस्कवर आहे, पण घेणाऱ्याला पत्ता नाही. बीचं म्हणणं असं, की मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सच्या अटींमुळं कंपन्यांना तो मेनू दाखवताच येत नव्हता. २००२ मध्ये बीनं कोर्टात दावा लावला. २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली नाही, आणि तोवर बीचा धंदा बसला होता. सिस्टिम चांगली की वाईट, हा प्रश्नच आला नाही. लोकांना ती दिसलीच नाही.

आपल्याकडं काय चाललं होतं? २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी कोर्स गावोगावी पोचला. त्यात शिकायचं विंडोज आणि ऑफिस. त्यामुळं आपल्या मोठ्या भावंडांसाठी कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज. पण २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावात, जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत, हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे. त्यात विंडोज नव्हतंच, आत लिनक्स होतं. म्हणजे त्या पोरांनी हाताळलेला लॅपटॉप लिनक्सचा! पुढं मे २००८ मध्ये एक्सओवर विंडोज एक्सपीही आणायची घोषणा झाली, आणि दोन्ही शेजारी-शेजारी चालवायची चर्चा सुरू झाली. पुन्हा तोच वाद: सुरुवात कुणापासून?

आणि लिनक्सवर मराठी नीट दिसायला फॉन्ट हवेत ना? लोहित फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवले आणि रेड हॅटनं सगळ्यांसाठी मोकळे केले.

मग आलं २०१२. विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट. ज्या बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही, तोच चालू होणार. कारण खोटं नव्हतं. अँटीव्हायरस जागा होण्याआधीच घुसणारे व्हायरस खरंच होते. पण सहीची चावी बहुतेक मायक्रोसॉफ्टकडं! लिनक्सवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि वाट निघाली. 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यायचा, आणि त्यानं पुढं लिनक्स चालू करायचं. म्हणून आज उबुंटू किंवा फेडोरा टाकताना सहसा सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही.

तर टेंभुर्णीच्या मित्रा, उत्तर असं. लिनक्स टाकल्यानं लॅपटॉप जळत नाही. नव्या मशीनमध्ये प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, आणि चार नोंदींऐवजी साधारण १२८ हिस्से पाडता येतात. खरा धोका आहे तुझ्या डेटाला.

म्हणून आधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घे. बिटलॉकर चालू आहे का बघ, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. ती नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडता येणार नाहीत! विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनव. फास्ट स्टार्टअप बंद कर. डिस्क लहान करायची ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. बॅटरी फुल ठेव, लाइटीचा भरवसा नाही. वॉरंटीच्या अटी एकदा वाच, आणि विंडोज पुसू नकोस.

सगळ्यात आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघ, काही न टाकता. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतही, फुकट.

आणि घरच्यांना शेजारी बसव. मेनूत दोन नावं दिसली, त्यातलं विंडोज निवडलं आणि सगळं जागच्या जागी सापडलं, की त्यांची काळजी निम्मी होईल. हिताचीचे ते कॉम्प्युटर घेणाऱ्यांना हा मेनू कधी दिसला नाही. तुला दिसेल. कुठलं नाव निवडायचं, ते तू ठरव.

भेटू पुढच्या भागात!