जीपचे बॉनेट उंच का झाले?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही थोडे घुटमळलो. आमचे शिक्षण गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत झालेले. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. त्यांच्या शेतात आम्ही नांगर घालणे बरे नव्हे. म्हणून हाताला ठाऊक असलेल्या, मुठीत मावणाऱ्या एका लोखंडी तुकड्याचा इतिहास सांगावयाचे ठरविले. त्याला रॉकर म्हणतात.

रहिमतपूर ते औंध हा रस्ता ज्यांनी वडापच्या जीपमधून, एक पाय बाहेर ठेवून केला आहे, त्यांना जीपची ओळख करून देण्याची गरज नाही. पण जुन्या जीपा दोन घाटांच्या होत्या, हे कितीजणांच्या लक्षात असेल? एकीचे बॉनेट बसके, दुसरीचे चांगले उंच. बसक्या बॉनेटची ती महायुद्धातली, अमेरिकेच्या विलीस कंपनीने १९४१ पासून बनविलेली. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, मुंबईत महिंद्रांची कंपनी निघाली आणि काही वर्षांतच तेथे विलीसच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. पुढे १९५३ मध्ये विलीसने सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप काढली, आणि तीच महिंद्रांच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनत राहिली. बॉनेट उंच केले ते शोभेसाठी, असे पुष्कळांना वाटे. खरे कारण खालचे इंजिनच उंच झाले, हे होते. आणि इंजिन उंच झाले ते रॉकरमुळे.

युद्धातल्या जीपचे इंजिन २.२ लिटरचे, शक्ती ६० अश्वबलाची. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असत. पेट्रोलमिश्रित हवा खालून वर येई, वळसा घेई आणि मग पिस्टनच्या डोक्यावर पोचे. दाराशी वळण असलेल्या घरात खाट नेताना जी तारांबळ होते, तीच येथे हवेची होई. नव्या इंजिनात सिलिंडरचा व्यास तोच ठेवला, पिस्टनची धावही तीच. फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा करून वर, हेडमध्ये नेला. धूर सोडणारा शेजारीच राहू दिला. आता कॅमशाफ्ट खाली आणि व्हॉल्व्ह वर, तेव्हा खालून पुशरॉड वर गेला आणि त्याने रॉकरचे एक टोक उचलताच दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह खाली दाबला. शक्ती झाली ७२ अश्वबल. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दाबाचे प्रमाणही थोडे वाढविले होते, सगळे श्रेय एकट्या रॉकरचे नव्हे. पण मोठा वाटा मोकळ्या श्वासाचाच होता.

ही युक्ती काही विलीसची नव्हे. ब्यूइक कंपनीने १९०४ मध्येच वरच्या व्हॉल्व्हची मोटार विकावयास काढली होती. तरी १९०८ ची फोर्डची प्रसिद्ध टी मोटार शेजारच्या व्हॉल्व्हचीच निघाली: २.९ लिटरचे इंजिन आणि शक्ती अवघी २० अश्वबल! पण ती स्वस्त होती, दुरुस्तीला सोपी होती, आणि दीड कोटी खपली. आपल्याकडे अॅम्बॅसडर १९५७ मध्ये आली तीही जुन्या पद्धतीचे इंजिन घेऊन. १९५९ मध्ये तिला वरच्या व्हॉल्व्हचे १,४८९ सी.सी.चे इंजिन मिळाले. चांगली गोष्ट ठाऊक असणे आणि ती लोकांपर्यंत पोचणे यांत पन्नास वर्षे जाऊ शकतात.

पुढे शर्यतवाल्यांनी रॉकरलाच हात घातला. धोंडा उचलताना पहारीखालचे टेकण जसे सरकवाल तसा फरक पडतो, हे आपल्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. रॉकर ही पहारच. कॅमची उचल ७ मिलिमीटर असेल आणि रॉकरचे प्रमाण दीडपट असेल तर व्हॉल्व्ह साडेदहा मिलिमीटर उघडतो, १.६ पट केले तर ११.२. इतक्याशा फरकाने वेगात धावणाऱ्या इंजिनाला जास्त हवा मिळते. काहींनी रॉकरच्या टोकाला लहानसे चाक बसविले, म्हणजे घर्षण कमी. मात्र स्प्रिंग पुरती दबून अडकली किंवा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर सारे इंजिन बसते. आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हे करण्यात अर्थ नाही. त्याचे फेरे गव्हर्नरने बांधलेले असतात.

आता आमचीच एक गोष्ट. १९८० च्या दशकात आम्ही पोरसवदा असताना एका गॅरेजात हेल्पर होतो. एका जीपवाल्याला चढाला दम हवा होता. मालकाने आम्हांस सांगितले, सगळ्या व्हॉल्व्हची फट बंद कर, म्हणजे ते जास्त उघडतील. आम्ही केली. इंजिनाचा टकटकाट थांबला, जीपवाला खूष होऊन गेला. थोड्याच दिवसांत गाडी ओढून परत आणावी लागली. धूर सोडणारा व्हॉल्व्ह कडेला जळून खाल्ला गेला होता. लोखंड तापले की लांबते. फट नसेल तर व्हॉल्व्ह बैठकीवर टेकत नाही, आणि टेकला नाही तर त्याची उष्णता जावयास वाट नाही. हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. नुकसान आमच्या पगारातून कापले गेले, पंधरा दिवसांचे.

मग रद्दीच्या दुकानात जीपचे एक फाटके इंग्रजी पुस्तक मिळाले. कोश शेजारी घेऊन रात्री वाचू लागलो. फटीचे पान उलगडावयास आठवडा लागला. ते पान घेऊन मालकापुढे उभे राहिलो, बोट ठेवून आकडा दाखविला. त्यांनी पान पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वाचायला शिकलास की रे." कापलेले पैसे काही मिळाले नाहीत. पण त्यानंतर गॅरेजातली इतर पोरे आपापल्या पगाराची चिठ्ठी वाचून घ्यावयास आमच्याकडे येऊ लागली.