इसेची वाट आणि जपानी प्रवासाची पूर्वतयारी

जपान पाहण्यासाठी प्रथमच निघणाऱ्या प्रवाशाला आज परवाना, मुक्काम, वाटखर्च आणि परतताना आप्तेष्टांसाठी आणावयाच्या वस्तू यांची जी जुळवाजुळव करावी लागते, तिची रीत त्या देशात एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा शोगुनांच्या लष्करी राजवटीत, पक्की झाली. आणि ती पक्की करण्यात सर्वांत मोठा वाटा इसे येथील शिंतो देवस्थानाकडे पायी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा व कारागिरांचा होता.

रस्ते मुळात त्यांच्यासाठी बांधलेले नव्हते. एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या सुमारे ४९० किलोमीटरच्या तोकाइदो मार्गावर १६०१ पासून ठाणी बसवण्यात आली, ती सरकारी टपाल व घोडी यांच्या सोयीसाठी. पुढे १६३५ मध्ये सरदारांना आलटूनपालटून एदोत राहण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांच्या लवाजम्यांमुळे या ५३ ठाण्यांवर खानावळी आणि धर्मशाळांसारखी मुक्कामाची घरे वाढली. सामान्य माणसाला मात्र गाव सोडण्यास मनाई होती, आणि तीर्थयात्रा किंवा गरम पाण्याच्या झऱ्यांवरील उपचार एवढ्याच कारणांना सहसा मुभा मिळे. त्यासाठी गावच्या मंदिराकडून किंवा मुखियाकडून परवाना घ्यावा लागे, व तो नाक्यावर दाखवावा लागे. सरदारांच्या एदोत ओलीस ठेवलेल्या स्त्रिया वेशांतर करून निसटू नयेत म्हणून या मार्गावरील हाकोनेच्या नाक्यावर स्त्रियांची तपासणी विशेष कडक असे. तेथे नेमलेल्या स्त्रिया प्रवासिनींचे केस मोकळे करून पाहत.

परवान्याहून अवघड प्रश्न पैशांचा होता, आणि तो गावाने ज्या पद्धतीने सोडवला ती मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. ‘को’ नावाच्या मंडळात सभासद थोडीथोडी वर्गणी साठवत व चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना दरवर्षी इसेला पाठवत. ही एका अर्थाने तीर्थयात्रेची भिशीच होती. या मंडळांना इसेशी बांधून ठेवणारे पुजारी ‘ओशी’ म्हणवले जात. आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायांप्रमाणे त्यांची यजमान-गावे ठरलेली असत. ते वर्षाकाठी गावोगाव देवाचे ताईत व पंचांग पोचवत, आणि यात्रेकरू इसेला आले की त्यांना आपल्या घरी उतरवून मेजवानी देत व त्यांच्या वतीने देवापुढे नृत्य-संगीताची सेवा घडवत. निवडलेला माणूस साऱ्या मंडळाच्या वतीने जात असल्यामुळे निघताना त्याला ‘सेम्बेत्सु’, म्हणजे निरोपाची भेट, मिळे, आणि परतताना प्रत्येकासाठी काही आणणे हे त्याचे कर्तव्य ठरे. जपानी माणूस आजही प्रवासाहून ‘मियागे’, म्हणजे भेटवस्तू, आणल्याशिवाय सहसा कार्यालयात जात नाही, त्यामागे हे जुने ऋण आहे. दर्शन आटोपल्यावर अनेक जण नारा, ओसाका, क्योतो पाहूनच माघारी फिरत. यात भक्तीला उणेपणा येतो असे त्यांना वाटत नसे, व तसे मानण्याचे कारणही नाही.

या नवख्यांसाठी यासुमी रोआन याने १८१० मध्ये ‘र्‍योको योजिनशू’ हे प्रवासातील दक्षतेचे पुस्तक लिहिले. पहिले काही दिवस सावकाश चालावे आणि गवताच्या चपला पायाला नीट बसतात की नाही हे पाहावे. मुक्कामी पोचताच आधी दिशा विचाराव्यात, मग शौचकूप आणि पुढचे-मागचे दरवाजे पाहून ठेवावेत, म्हणजे रात्री आग लागली किंवा चोर आला तर गडबड होत नाही. ओझे कमीत कमी असावे, पण सुई-दोरा, दोरी व मेणबत्ती विसरू नये. हा सगळा सल्ला पायी चालून थकलेल्या माणसाच्या अनुभवातून आला आहे, म्हणूनच तो अजून जुना झालेला नाही.

परवानगी न घेता पळून जाणारेही होते. काही विशिष्ट वर्षी लोकांचे लोंढेच्या लोंढे इसेकडे लोटत, ज्याला ‘ओकागे-माइरी’ म्हणजे ‘देवकृपेची यात्रा’ म्हणत. १७०५ मध्ये सुमारे पन्नास दिवसांत छत्तीस लाखांवर लोक गेल्याची नोंद मोतोओरी नोरिनागा या पंडिताने दिली आहे. नोकर आणि मुले हातात पाण्याची पळी घेऊन निघत, आणि वाटेवरचे लोक तीत दाणे-पैसे टाकत.

नाकी १८६९ मध्ये उठली, ओशींची व्यवस्था १८७१ मध्ये रद्द झाली, आणि १८८९ मध्ये आगगाडी तोक्योहून थेट कोबेपर्यंत धावू लागली. तरीही हाकोनेच्या डोंगरात जुन्या मार्गाचा दगडी फरसबंदीचा तुकडा शिल्लक आहे, आणि वाटेत तांदळाचे गोड पेय ‘आमाझाके’ देणारे चहाघरही. पहिल्या प्रवासाचा आराखडा आखणाऱ्याने वेगवान गाडीत बसण्यापूर्वी एक सकाळ या वाटेसाठी राखून ठेवावी, आणि जमल्यास इसेलाही जावे. तेथील मंदिरे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधली जातात, व पुढचे स्थलांतर २०३३ मध्ये व्हायचे आहे.