मोरीपासून न्हाणीघरापर्यंत



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजवंश उभे राहतात. फार तर लेणी व किल्ले आठवतात. परंतु समाजाचा इतिहास घराच्या एखाद्या कोपऱ्यातही साठलेला असतो. तसा कोपरा म्हणजे आपली मोरी. नवे घर घेणारा गृहस्थ दिवाणखान्याची लांबी विचारतो, गृहिणी स्वयंपाकाचा ओटा पाहते. न्हाणीघर मात्र उरल्यासुरल्या जागेत बसविले जाते. चार फूट रुंद आणि सात-आठ फूट लांब अशा त्या बोळकांडीत स्नान, शौच, धुणे आणि पाण्याचा साठा ही चार कामे कशी मावावीत, हा प्रश्न मग जन्मभर पुरतो. तो कोठून उत्पन्न झाला, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

जागा लहान असली की सोय होत नाही, असे मात्र इतिहास सांगत नाही. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननातून मोहेंजोदडो उजेडात आले. तेथील महास्नानगृहाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तेथील सामान्य घरांतूनही स्नानाची छोटी जागा होती. ती बहुधा रस्त्याकडील भिंतीला लागून असे. विटा सांधा न दिसेल इतक्या चिकटून बसविलेल्या असत. जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार असे, आणि तेथून पाणी रस्त्यावरील गटारात जाई. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याने पाणी बाहेर कोठून जाणार हे आधी ठरविले आणि माणूस कोठे बसणार हे मागून.

आपल्या भाषेनेही हीच गोष्ट जपून ठेवली आहे. मोरी म्हणजे मूळचे सांडपाणी जाण्याचे द्वार. त्या द्वाराचे नाव पुढे अंघोळीच्या सबंध जागेस मिळाले. पाणी आणणे कष्टाचे होते, पण घालविणे त्याहून अवघड, हे त्यावरून उघड होते.

आता आपल्या शहराकडे वळू. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि त्याने नगरास आपले नाव दिले. आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली तरी शहराची तहान तीच राहिली. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. म्हणून मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांतले भूगर्भातील पाणी नहरीने शहरात आणले, तीच नहर-ए-अंबरी. पुढे आणखीही नहरी झाल्या. अठराव्या शतकातील पाणचक्कीकडे खापरी नळांतून काही मैलांवरून पाणी येते, भिंतीवर चढते आणि खाली पडताना जाते फिरविते. उंच जागेचे पाणी बंद नळातून पुन्हा जवळजवळ तितकेच वर चढते, हे तत्त्व त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

पण हे पाणी घराघरांत नव्हते. ते मशिदी, बागा आणि मोहल्ल्यांचे हौद येथवर येई. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमामाची इमारत उभी आहे. सामान्य माणसाला मात्र विहिरीचा रहाट, खांद्यावरची घागर किंवा भिस्त्याची पखाल. वाड्यात मागील दारी न्हाणीघर असे : एक चुलाणे, तांब्याचा बंब, घंगाळ, बसावयास दगड आणि कडेला हातभर मोरी. गरिबाच्या घरी स्वयंपाकाच्या खोलीतच एक कोपरा, त्याला चार बोटे उंचीचा काठ आणि आडोशाला जुने लुगडे. त्या आडोशाआड स्त्रिया पहाटे, घरातील पुरुष उठण्यापूर्वी, घाईघाईने अंघोळ उरकीत. मुंबईत १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या गेल्या, तेथेही एका खोलीच्या बिऱ्हाडाला कोपऱ्यात अशीच मोरी मिळाली.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी मोरी लहान होती, पण तिच्यावर कामे थोडी होती. शौचकूप घराबाहेर, मागील बोळात असे. तो बोळ आपल्या जुन्या शहरांतील सर्वांत लाजिरवाणी वाट होय, कारण त्या वाटेने एका माणसाच्या डोक्यावरून दुसऱ्या माणसाचा मैला वाहिला जाई. घर सोवळे राहावे म्हणून काही जातींच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारण्यात आले. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात गोपुरी येथे संडासाचे प्रयोग केले, ते ही वाट बंद व्हावी म्हणूनच. कायद्याने ही प्रथा बंद करण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला.

शौचकूप घरात येऊ शकला तो एका साध्या युक्तीमुळे. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वाकड्या नळीचे पेटंट घेतले. नळीच्या वाकणात थोडे पाणी साचून राहते. ते पाणीच दुर्गंधीला कुलूप घालते. ही नळी आली, जमिनीखालचे गटार आले, घरी नळ आला, आणि मागील बोळातील काम मोरीत शिरले. जागा मात्र मोरीचीच राहिली! आजच्या अडचणीचे मूळ येथे आहे. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात सिडकोने नवी वसाहत उभारावयास घेतली, कारखान्यांमागून माणसे आली, लहान घरांची संख्या वाढली आणि हा प्रश्न हजारो कुटुंबांचा झाला.

राष्ट्रीय बांधकाम संहितेने स्नान व शौच एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे सुमारे चार फूट रुंद आणि पावणेआठ फूट लांब. एवढ्यात नीट काम भागते. अट एवढीच की कामे ओळीने लावावीत. दाराशी हात धुण्याचे भांडे, मध्ये शौचकूप, आणि खिडकीखालच्या टोकाला स्नान. उतार त्या टोकाकडे, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. स्नानाची जागा बोटभर खोल. मग दाराजवळची फरशी कोरडी राहते. दार बाहेर उघडावे. आत उघडणारे दार जागा खाते. शिवाय म्हातारे माणूस आत घसरून दाराशी पडले, तर ते उघडता येत नाही. भिंतीत धरावयास एक कडी आणि वर वारा जाण्यास झरोका हवाच.

राहिला पाण्याचा साठा. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. गोदावरीचे पाणी शहरात आले. तरी गेल्या कित्येक वर्षांत अनेक वस्त्यांनी नळाची वाट दिवसेन्‌दिवस पाहिली. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर पाच माणसांना पाच दिवसांसाठी ३,३७५ लिटर लागतात. दोनशे लिटरचे पिंप न्हाणीघरात ठेवले की चार फुटांपैकी जवळजवळ दोन फूट तेच अडविते. तेव्हा साठा गच्चीवर किंवा अंगणाखाली न्यावा. न्हाणीघरात तो ठेवणे म्हणजे माणसाची जागा पाण्याला देणे होय.

श्रोतेहो, मोरी अरुंद राहिली याचे कारण केवळ जमिनीची टंचाई नव्हे. जी कामे आपण हलकी मानली, त्यांना हलकी जागा दिली. आणि जी माणसे ती कामे करीत, त्यांना तर घरात जागाच दिली नाही. आता ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. म्हणून घराचा नकाशा काढताना न्हाणीघर शेवटी न काढता आधी काढावे. घरातील सर्वांत वृद्ध माणूस आणि पहाटे सर्वांच्या आधी उठणारी बाई यांना विचारून काढावे. चार फूट रुंदी तेवढ्याने वाढणार नाही. पण तिच्यात माणूस मानाने उभा राहू शकेल.