साडेआठ वाजले की मराठी बंद!

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार.

आज एक खेळ खेळू. तुमच्या फोनवरची सगळी ॲप्स बाजूला ठेवा. घरात एकच टीव्ही, त्यावर एकच वाहिनी, आणि तीसुद्धा संध्याकाळीच सुरू होणारी. रिमोट नाही. चित्रात मुंग्या आल्या की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून बाकीच्यांनी ओरडायचं, 'आलं आलं... गेलं!' टीव्ही ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवानाही काढायचा, आणि त्याचं शुल्क दरवर्षी भरायचं. हो, रेडिओसारखंच.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीला. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. वर्षभरात सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि पुण्यालाही मुंबईचं चित्र दिसायला लागलं. आता प्रश्न असा की एका संध्याकाळच्या जेमतेम काही तासांत दाखवायचं काय? आणि कुणासाठी?

कारण मुंबईत मराठी माणूस होता, गुजराती होता, हिंदी बोलणारा होता, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा होता. सगळ्यांना त्या एकाच खिडकीतून डोकवायचं होतं. मग आठवड्याची वाटणी व्हायची. मुलांसाठी मराठीत 'किलबिल'. गुजराती प्रेक्षकांसाठी 'आवो मारी साथे'. गिरणी आणि कारखान्यातल्या लोकांसाठी 'कामगार विश्व'. साहित्यिकांच्या गप्पांसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा'. हसायला 'गजरा'. गुरुवारी 'छायागीत', म्हणजे हिंदी सिनेमाची गाणी. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट. ज्यांच्या घरी टीव्ही असायचा त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी चपलांचा ढीग दाराबाहेर.

आणि या सगळ्यात 'आमची माती, आमची माणसं'. शेतकऱ्यांचा कार्यक्रम! गंमत बघा, सुरुवातीला हे चित्र मुख्यतः मुंबई-पुण्यातच पोचत होतं. म्हणजे गिरगावच्या चाळीतला कारकून भाताच्या रोपांवरची कीड कशी मारायची ते मन लावून बघत बसायचा, कारण त्यानंतर लागणारा कार्यक्रम चुकवायचा नव्हता. आज आपण याला हसतो. पण माझं मत विचाराल तर शहरातल्या माणसाच्या कानावर 'खोडकिडा' हा शब्द पडण्याची तेवढीच एक सोय होती. आजचं अल्गोरिदम हा शब्द तुमच्यापर्यंत कधी आणणार?

'ज्ञानदीप' हा असाच एक कार्यक्रम. निर्माते आकाशानंद. नुसतं बघून गप्प बसायचं नाही, असा त्याचा बाणा. बघणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली, एकत्र जमून कामं केली. फॉलोअर्स म्हणा हवं तर, पण अंगठा दाबून नाही, सतरंजी अंथरून.

बातम्या सांगणाऱ्यांमध्ये एक तरुण मुलगी होती, स्मिता पाटील. सिनेमात ती नंतर आली. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. आणि चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ! दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कागदावरची माणसं शेजारी राहायला आल्यासारखी वाटू लागली.

पण आता खरी गोष्ट.

15 ऑगस्ट 1982. त्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. टीव्ही रंगीत झाला, आणि दिल्लीहून 'राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला. आशियाई खेळ नोव्हेंबरमध्ये होते, त्याची सगळी घाई. रंगांचं सगळ्यांना कौतुक. पण वेळेकडे बघा: रात्री साडेआठ. म्हणजे जेवणं उरकून किंवा ताट हातात घेऊन घरातले सगळे टीव्हीसमोर बसायची ती वेळ थेट दिल्लीची झाली. साडेआठ वाजले की मुंबई केंद्राने आपली भाषा आवरती घ्यायची. मराठी, गुजराती, मुलं, कामगार, शेतकरी, साहित्यिक, नाटकवाले, सगळ्यांनी त्याआधीच्या दोन-अडीच तासांत दाटीवाटीने बसायचं. आणि त्या वेळी कामावरचा माणूस कुठे असायचा? लोकलमध्ये लटकत!

बरं, 1984 च्या सुमाराला देशभर छोटे ट्रान्समीटर भराभर उभे राहिले. टीव्ही गावोगाव पोचला, हे खरंच मोठं काम. पण यातले बरेचसे उपग्रहावरून सरळ दिल्लीच पकडायचे. म्हणजे ज्या तालुक्याला 'आमची माती' खरोखर हवी होती तिथे टीव्ही आला, पण मुंबईचा मराठी कार्यक्रम आलाच असं नाही. शहरातला कारकून कीड बघतोय आणि कीड लागलेला शेतकरी दिल्लीच्या बातम्या!

राष्ट्रीय कार्यक्रमाला नुसत्या शिव्या घालणं मात्र बरोबर नाही. 'हम लोग' आणि 'बुनियाद' तिथूनच आलं. रविवारी सकाळी 'रामायण', मग 'महाभारत', रस्ते ओस. आणि रविवारी दुपारी सबटायटल्ससकट मल्याळी, बंगाली, असमिया चित्रपट. मुलं कंटाळायची, मोठी माणसं डुलक्या काढायची, आणि त्यातल्याच एखाद्याला सत्यजित राय भेटून जायचे.

मुंबईला 1985 मध्ये दुसरी वाहिनी मिळाली, पण तिची धाव शहरापुरती. पुढे केबलवाला आला. 1992 च्या 2 ऑक्टोबरला, म्हणजे मुंबई केंद्राच्या विसाव्या वाढदिवशी, झी टीव्ही सुरू झालं. तेही हिंदीच. मराठीला स्वतःची उपग्रह वाहिनी मिळाली 15 ऑगस्ट 1994 ला: डीडी 10, जिला 2000 साली 'सह्याद्री' हे नाव मिळालं. प्रतीक्षा लोणकरची 'दामिनी' तिथलीच, मराठीतली पहिली रोजची मालिका. 1999 च्या 15 ऑगस्टला अल्फा मराठी, पाठोपाठ ई टीव्ही मराठी. आता रात्री साडेआठला मराठी मालिका लागू लागली. मधे किती वर्षं गेली? सतरा. त्या सतरा वर्षांत लहानाची मोठी झालेली मुलं रात्रीच्या वेळी कुठल्या भाषेत हसायला-रडायला शिकली असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. कदाचित ते तुमचे आई-बाबाच असतील.

2007 मध्ये मराठीत चोवीस तासांच्या बातम्या आल्या आणि दिवसाला सुरुवात-शेवट असा उरलाच नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप महाग असायच्या. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि पुढच्यासाठी वापरायची. त्यामुळे त्या संध्याकाळांमधलं कितीतरी आज कुठेच नाही, यूट्यूबवर शोधूनही मिळणार नाही. उरलंय ते वर्तमानपत्रातलं छोटं चौकोनी वेळापत्रक. घरी माळ्यावर जुनी रद्दी असेल, एखाद्या पेटीच्या तळाशी 1975 चा पेपर अंथरलेला असेल, तर टाकू नका. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा तो चौकोन शोधा, फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि ते काय सांगतात ते रेकॉर्ड करायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!