भिंतीवरचं नाव

रोमच्या आग्नेयेला कॅसिनो नावाचं गाव आहे. 1944 च्या जानेवारी ते मे या काळात तिथे चार लढाया झाल्या. तिथल्या युद्धस्मशानभूमीत राष्ट्रकुलाच्या सैनिकांची चार हजारांहून जास्त थडगी आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. 1917 साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा हा नियम. देह मायदेशी न्यायचा नाही, हाही त्यांचाच नियम. दगडाच्या पायथ्याशी घरच्यांना एखादी ओळ कोरून घेता येई.

पण याच आवारात हिरव्या संगमरवराचे उंच फलक आहेत. सिसिली आणि इटलीत पडलेल्या, पण ज्यांचं थडगं कुठे आहे हेच ठाऊक नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं त्यांवर आहेत. त्यांत एक नाव आपल्या माणगाव तालुक्यातलं आहे: नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हा गडी एकटा मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब, मग गोळ्या. गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं त्यानं ठाणं घेतलं. शेवटी शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय अवघं 22. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

आता प्रश्न असा, की ‘सगळे सारखे’ हे तत्त्व सगळ्यांना लागू झालं का? नाही झालं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढल्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीखाली नुसता आकडा घातला. या भेदभावाबद्दल आयोगानं माफी मागितली, ती 2021 साली. म्हणून कॅसिनोच्या भिंतीवरचं ते एक नाव मला मोठं वाटतं.

माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. बाकीच्यांचं काय? आयोगाच्या नोंदी आज घरबसल्या पाहता येतात. पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव आणि गावही असतं. एकदा आपल्या गावचं नाव शोधून पाहा. सापडलं, तर त्या घरी जाऊन सांगा, की तुमच्या माणसाचं नाव अमुक ठिकाणी आहे. त्या घराला कदाचित ते कुणी सांगितलंच नसेल.